मापातले पाप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

१९६३ च्या ऑगस्ट महिन्यात लोकसभेत अविश्वासाच्या ठरावावर चर्चा चालू असता डॉ. राममनोहर लोहिया यांनी एक प्रश्न उभा केला. या देशातील सामान्य माणूस दिवसाला किती पैशांवर जगतो? पंतप्रधानांचे उत्तर पंधरा आणे असे होते. लोहियांनी हिशेब मांडला तो असा, की देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगत आहेत. वाद आकड्यांचा दिसत असला तरी मूळ भांडण मापाचे होते. शिखरावरच्या मूठभरांचे उत्पन्न सर्वांच्या नावावर वाटून टाकले म्हणजे सरासरी फुगते आणि तळच्या माणसाची भूक त्या सरासरीत दिसेनाशी होते. पुढे १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी माप घेतले ते माणसाच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांचे. माप कोठून घ्यायचे, हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही, तो राजकारणाचा आहे, हा या दोन्ही उदाहरणांचा धडा आहे.

आज मला तुमच्यापुढे ज्या मापाविषयी बोलायचे आहे, ते आर्थिक आणि सायबर फसवणुकीचे आहे. कोणता देश आपल्या नागरिकांचे या फसवणुकीपासून किती चांगले रक्षण करतो, हे ठरवणारे अनेक आंतरराष्ट्रीय निर्देशांक आज प्रचलित आहेत. त्यांत आपला क्रमांक वर गेला की मंत्रिमहोदय पत्रक काढतात. खाली गेला की निकष सदोष असल्याचा साक्षात्कार होतो. आपण या दोन्ही प्रतिक्रियांपासून दूर राहून हे माप घेतो कोण, मोजले जाते काय, आणि जिचे पैसे गेले त्या व्यक्तीला या मापात जागा कोठे आहे, एवढेच तपासू.

प्रथम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा जागतिक सायबर सुरक्षा निर्देशांक घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निर्देशांकात भारताला १०० पैकी ९८.४९ गुण मिळाले आणि आपली गणना पहिल्या श्रेणीतील राष्ट्रांत झाली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु त्याच २०२४ सालात सायबर फसवणुकीत भारतीय नागरिकांनी २२,८४५ कोटी रुपये गमावले, असे सरकारनेच पुढच्या वर्षी संसदेत सांगितले. आदल्या वर्षीचा आकडा ७,४६५ कोटींचा होता. म्हणजे ज्या वर्षी आपण परीक्षेत जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळवले, त्याच वर्षी नुकसान तिपटीहून अधिक झाले.

ही विसंगती नीट समजून घेतली पाहिजे. या निर्देशांकाचे पाच स्तंभ आहेत: कायदे, तांत्रिक यंत्रणा, संघटनात्मक रचना, क्षमतावृद्धी आणि सहकार्य. सदस्य राष्ट्रांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवर आणि सोबत जोडलेल्या कागदपत्रांवर तो मुख्यतः उभा आहे. कायदा आहे काय? आहे. आपत्कालीन पथक आहे काय? आहे. राष्ट्रीय धोरण, प्रशिक्षण, करारमदार आहेत काय? आहेत. या तयारीचे मोल मी कमी लेखत नाही. पण गावात दवाखान्याची इमारत आहे, फाटकावर पाटी आहे, हजेरीपट आहे, एवढ्यावरून गावातील बालमृत्यू कमी झाले असे आपण म्हणत नाही. हा निर्देशांक इमारत मोजतो. तो मृत्यू मोजण्याचा दावाही करत नाही. दावा करतात ते त्याचा झेंडा मिरवणारे राज्यकर्ते. त्याच २०२४ सालात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह ९२ तज्ज्ञांच्या मतांवरून दुसरा एक निर्देशांक प्रसिद्ध केला. सायबर गुन्हे कोणत्या देशांतून उगम पावतात, हे त्यात मोजले होते आणि त्यात भारत दहावा होता. एकच देश एका मापाने पहिल्या श्रेणीचा रक्षक ठरतो आणि दुसऱ्या मापाने गुन्ह्यांचे उगमस्थान ठरतो. दोन्ही मापे खोटी नाहीत. ती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढेच.

दुसरे माप आर्थिक कृती दलाचे. १९८९ साली सात धनाढ्य राष्ट्रांच्या पॅरिस परिषदेत या संस्थेचा जन्म झाला. काळ्या पैशाची धुलाई आणि दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा रोखणे हे तिचे काम. फसवणुकीचा पैसाही याच धुलाईच्या वाटेने जात असल्यामुळे तिचे मूल्यमापन आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. चाळीस शिफारशी कागदावर आल्या की नाहीत हे पाहून ही संस्था थांबत नाही. २०१३ पासून अकरा कसोट्यांवर प्रत्यक्ष परिणामकारकताही ती तपासते. ही निश्चितच प्रगती होय. २०२४ मध्ये तिने भारताला 'नियमित पाठपुरावा' या वरच्या गटात ठेवले आणि त्याच अहवालात खटले प्रत्यक्ष निकाली निघण्याबाबत मोठ्या सुधारणेची गरज असल्याचेही नोंदवले. आपल्या पत्रकांतून पहिले वाक्य ठळकपणे छापले गेले, दुसरे फारसे कोणाच्या नजरेस पडले नाही.

परंतु या संस्थेच्याही मापाची मर्यादा कंबोडियाने उघड केली. २०१९ पासून करड्या यादीत असलेल्या या देशाला फेब्रुवारी २०२३ मध्ये सुधारणा झाल्याचे मानून यादीतून मुक्त करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कार्यालयाने सांगितले, की कंबोडियात सुमारे एक लाख आणि म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार माणसे बंदिस्त आवारांत डांबून ठेवली असून, त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचे काम सक्तीने करून घेतले जात असल्याची विश्वसनीय माहिती आहे. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेले, पारपत्र हिरावले गेलेले, मारहाणीच्या धाकाने रोजचे उद्दिष्ट पुरे करणारे हे तरुण आहेत. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडच्या सीमेवरून परत आणले. अशा सुटकांमधून महाराष्ट्रातील मुलेही घरी आली आहेत. फोनच्या एका टोकाला आयुष्याची पुंजी गमावणारा निवृत्त शिक्षक आहे आणि दुसऱ्या टोकाला वेठबिगार आहे. नफा तिसऱ्याच्या खिशात जातो. जे माप केवळ कायद्याची कलमे मोजते, त्याला हा तिसरा दिसत नाही आणि वेठबिगारही दिसत नाही.

आता माप घेणाऱ्यांकडे वळू. भ्रष्टाचाराच्या जागतिक क्रमवारीत डेन्मार्क वर्षानुवर्षे सर्वांत स्वच्छ देशांत गणला गेला. त्याच डेन्मार्कच्या सर्वांत मोठ्या बँकेच्या एस्टोनियातील शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो वाहून गेले आणि त्यांतील मोठा भाग संशयास्पद होता. जर्मनीत वायरकार्ड कंपनीच्या १९० कोटी युरोंचा जून २०२० मध्ये पत्ता लागेना. त्याआधी वर्षभर तेथील नियामकाने हा घोटाळा उजेडात आणणाऱ्या पत्रकारांविरुद्धच तक्रार केली होती. आणि करन्याय चळवळीतील अभ्यासकांनी आर्थिक गोपनीयतेचा जो निर्देशांक तयार केला, त्यात २०२२ साली जगात पहिला क्रमांक अमेरिकेचा आला. नंतर स्वित्झर्लंड, मग सिंगापूर. चोरी कोठे होते असे विचारले की दरिद्री देशांची नावे येतात. चोरीचा माल कोठे सुरक्षित राहतो असे विचारले की श्रीमंत राष्ट्रे रांगेत पुढे येतात. प्रश्न बदलला की क्रमवारी अशी उलटते. म्हणून प्रश्न ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे महत्त्वाचे.

क्रमांकाचा मोह काय करू शकतो, याचे उदाहरण जागतिक बँकेनेच दिले आहे. व्यवसायसुलभतेचा तिचा वार्षिक अहवाल जगभरची सरकारे वेदवाक्य मानत असत. २०१८ आणि २०२० च्या अहवालांत चीन, सौदी अरेबिया यांसारख्या देशांच्या आकडेवारीत गैरप्रकार झाल्याचे निष्पन्न झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो अहवालच बंद करण्यात आला. मापात पाप म्हणतात ते हेच.

साथींनो, परदेशांचे दोष दाखवून आपली सुटका होत नाही. घरची मापे पाहू. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी व्यवस्थेकडे २०२३ साली सुमारे १५ लाख ९६ हजार तक्रारी आल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात त्याच वर्षी नोंदवलेले सायबर गुन्हे आहेत ८६,४२०. प्रत्येक तक्रार गुन्ह्यास पात्र नसते, हे मान्य केले तरी शंभर तक्रारींमागे पाच-सहाच गुन्हे नोंदले जावेत, याचा अर्थ काय? तक्रार आणि गुन्हा यांच्यामधल्या दरीत लाखो माणसे पडलेली आहेत. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य त्यांनी ऐकलेले आहे. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीवरून आपोआप असा गुन्हा नोंदवण्याची योजना मे २०२५ मध्ये दिल्लीत सुरू झाली, तेव्हा तिचा प्रारंभ दहा लाखांवरील प्रकरणांपासून करण्यात आला. दहा लाख गमावण्याइतके ज्याच्याकडे होते, त्याची दखल प्रथम घेतली गेली.

रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालातही उंबरठा आहे. बँकांतील फसवणुकीची तिची आकडेवारी एक लाख रुपये व त्यावरील प्रकरणांची असते. ऊसतोड कामगाराच्या खात्यातून उचल म्हणून आलेले चाळीस हजार गेले, तर ते तिच्या हिशेबात नाहीत. या उंबरठ्याच्या आतील चित्रही बोलके आहे. २०२४-२५ मध्ये २३,९५३ प्रकरणे आणि ३६,०१४ कोटी रुपये अशी नोंद झाली. संख्येने निम्म्याहून अधिक प्रकरणे कार्ड व इंटरनेट व्यवहारांतील होती, पण रकमेचा नऊ दशांशांहून अधिक भाग कर्जांतील फसवणुकीचा होता. म्हणजे फसणाऱ्यांची गर्दी लहान खात्यांत आहे आणि लुटीचा डोंगर मोठ्या कर्जांत आहे. लहानास 'ओटीपी कोणाला सांगू नका' असे रोज बजावले जाते. मोठ्यास असे बजावणारी जाहिरात मी अजून ऐकलेली नाही.

त्याच अहवालातील आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. आदल्या वर्षीची रक्कम १२,२३० कोटी होती, ती तिपटीजवळ गेली. पण या वाढीत १८,६७४ कोटींची १२२ प्रकरणे जुनीच होती. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२३ च्या निकालानंतर ती फेरतपासणी करून नव्याने नोंदवली गेली. तेव्हा 'फसवणूक तिप्पट झाली' असे व्यासपीठावरून ओरडणे हेही मापातले पापच ठरेल. सरकारचा आकडा तपासण्याचा अधिकार आपणाला तेव्हाच पोहोचतो, जेव्हा आपला आकडाही तपासून घेतलेला असतो.

शिवाय आकडा वाढणे हे नेहमीच अपयशाचे लक्षण नसते. इंग्लंड व वेल्समध्ये घरोघरी जाऊन गुन्ह्यांची पाहणी होते. तीत फसवणुकीचे प्रश्न घातल्यावर २०१६ साली वर्षाला ५८ लाख फसवणुकीचे व संगणकीय गुन्हे होत असल्याचा अंदाज निघाला. बाकी सर्व गुन्हे मिळून अंदाज ६३ लाखांचा होता. एका रात्रीत देशातील गुन्हे जवळजवळ दुप्पट दिसू लागले. गुन्हे वाढले नव्हते, दिवा लावला गेला होता. तेथे सात फसवणुकींपैकी एकाचीही तक्रार होत नाही, हेही या पाहणीनेच उघड केले. केवळ तक्रारींच्या संख्येवरून देशांची क्रमवारी लावली, तर जो प्रामाणिकपणे नोंदवतो तो शेवटी जाईल आणि जो ठाण्याचे दार बंद करतो तो पहिला येईल.

मग खरे माप कोणते? दांडेकर-रथांनी माणसाच्या पोटापासून मोजायला सुरुवात केली, तशी आपण फसलेल्याच्या पासबुकापासून केली पाहिजे. गेलेल्या शंभर रुपयांपैकी किती परत आले, किती दिवसांत आले, आणि जे आले नाहीत त्यांचा भार कोणी सोसला? उरलेली मोजमापे या तीन प्रश्नांच्या मागून येतात. सरकार सांगते, की २०२१ पासून जुलै २०२५ पर्यंत तक्रारींवरून ५,४८९ कोटींहून अधिक रक्कम वाचवण्यात आली. स्वागतार्ह आहे. पण एखाद्या खात्यात रक्कम गोठवणे वेगळे आणि ती मालकाच्या हाती परत पडणे वेगळे. गोठलेल्या पैशाने मुलीची फी भरता येत नाही.

भार कोणी सोसायचा, या प्रश्नावर ब्रिटनने एक पाऊल पुढे टाकले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे, ग्राहकाने फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले तरी ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई बँकेने द्यायची, तीही साधारणपणे कामकाजाच्या पाच दिवसांत, असा नियम लागू झाला. निम्मा भार पाठवणाऱ्या संस्थेवर, निम्मा स्वीकारणाऱ्या संस्थेवर. स्वीकारणाऱ्यावर का? कारण चोराचे खाते तिनेच उघडून दिलेले असते. कोणती बँक किती भरपाई देते, हे नावानिशी प्रसिद्ध करण्यास तेथे २०२३ पासूनच सुरुवात झाली होती. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला काही संरक्षण दिले. दोष बँकेचा असल्यास ग्राहकावर भार नाही. दोष दोघांचाही नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही नाही. शिवाय सिद्धतेची जबाबदारी बँकेवर टाकली. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, असेही त्याच परिपत्रकाने ठरवले. आजची फसवणूक बहुतांशी याच दाराने येते. आणि हक्क कागदावर असला तरी तो मिळायला काय लागते? आसामातील एका ग्राहकाचे ९४ हजार रुपये २०२१ मध्ये गेले. स्टेट बँकेने ते द्यावेत, यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब जानेवारी २०२५ मध्ये झाले. ही रक्कम एक लाखाच्या आतली आहे, हेही लक्षात घ्या.

बँकवाले म्हणतात, भरपाई मिळाली की लोक बेफिकीर होतील. हा युक्तिवाद कामगार चळवळीला नवा नाही. गिरणीत हात तुटला की कामगाराचा निष्काळजीपणा, असे मालक म्हणत असत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपघाताचा भार मालकाच्या हिशेबात टाकला आणि सुरक्षितता हा मालकाच्याही हिताचा विषय झाला. हात तोडून घ्यायला कोणी कामगार उत्सुक झाला नाही. पैसे पाठवण्याचे यंत्र ग्राहकाने बनवलेले नाही. त्याचा वेग, त्याची बटणे, खाती उघडण्याची शिथिलता हे सारे ज्यांनी ठरवले आणि ज्यांनी त्यातून नफा कमावला, त्यांनी अपघाताची किंमतही मोजावी. घोर निष्काळजीपणाचा अपवाद ब्रिटनच्या नियमातही आहेच.

राष्ट्रनिहाय क्रमवारीची एक मूलभूत उणीव सांगून मागण्यांकडे येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले आणि सर्व मिळून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. चोरी अठ्ठावीस देशांत झाली, नुकसान पुण्यात झाले. हे पाप कोणत्या देशाच्या खात्यावर मांडायचे? पैसा मिनिटांत सीमा ओलांडतो आणि त्याच्या मागे जाणारे विनंतीपत्र महिनोन्‌महिने रेंगाळते. २०२४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविषयीचा करार संमत केला. त्याचे यश एका देशाने दुसऱ्याच्या विनंतीला किती दिवसांत उत्तर दिले आणि किती पैसा मूळ मालकाच्या देशात परतला, याच मापाने ठरवले पाहिजे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, राष्ट्रीय नमुना पाहणीने घरोघरी जाऊन फसवणुकीची पाहणी करावी, म्हणजे जे ठाण्यापर्यंत पोहोचत नाहीत त्यांचीही नोंद होईल. दुसरी, एक लाखाखालील फसवणुकीचे आकडेही तितक्याच तपशिलाने, उत्पन्नगट, वय, स्त्री-पुरुष आणि जिल्हा यांनुसार प्रसिद्ध व्हावेत. तिसरी, प्रत्येक बँकेने किती तक्रारी आल्या, किती रक्कम किती दिवसांत परत केली आणि चोरांची किती भाड्याची खाती आपल्याकडे निघाली, हे नावानिशी जाहीर करावे. चौथी, प्रत्येक जिल्ह्यात तक्रारी, नोंदवलेले गुन्हे, दोषसिद्धी आणि प्रत्यक्ष परत मिळालेली रक्कम यांचा हिशेब विधिमंडळापुढे यावा. पाचवी, भरपाईचा भार बँका, दूरसंचार कंपन्या आणि फसव्या जाहिराती दाखवून पैसा मिळवणारी समाजमाध्यमे यांच्यावर वाटून टाकणारा कायदा व्हावा. सहावी, परदेशातील छावण्यांतून सुटून आलेल्यांना, उलट पुरावा नसेल तर, प्रथम वेठबिगार मानून त्यांचे पुनर्वसन करावे.

या मागण्या निवेदनात लिहून मोकळे होण्याने काही साधणार नाही. प्रत्येक तालुक्यातील आपल्या शाखेने एक साधी वही घालावी. फसलेल्या माणसाची तारीख, रक्कम, बँक, १९३० या क्रमांकावर केव्हा कळवले, ठाण्याने काय केले, किती पैसे केव्हा परत आले, एवढेच रकाने पुरेत. नाव त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. फसलेल्याला लाज वाटते आणि त्या लाजेवरच हा सारा धंदा चालतो. तुमच्या वहीत नोंद करताना समोरच्याला हे पटले पाहिजे, की तो मूर्ख ठरलेला नाही, त्याच्यावर अन्याय झालेला आहे. एक वर्षानंतर या वह्या एकत्र करू आणि सरकारच्या आकड्यांशेजारी आपले आकडे मांडू. पंधरा आण्यांसमोर तीन आणे ठेवण्याची परंपरा आपलीच आहे. ती चालवायची तर पहिली वही या महिन्यातच उघडली पाहिजे.